तुम्ही विचारलंत म्हणून: ‘आमच्या हिला सरपंचपदाला उभं करायचंय, काय काय लागतं?’

तहसील कचेरीत सरपंचपदाच्या आरक्षणाची सोडत निघते, आपल्या गावापुढे ‘महिला’ लागतं आणि संध्याकाळपर्यंत हा प्रश्न येतो. विचारणारा बहुतेक वेळा नवरा असतो, कधी दीर, कधी सासरे. जिला उभं राहायचंय ती स्वतः क्वचितच विचारते. सूरही ठरलेला असतो: कागदपत्रं तेवढी सांगा, बाकीचं आम्ही बघतो. या ‘बाकीच्या’तच सगळी गोम असते, ते पुढे येईलच.

आधी थोडक्यात उत्तर. ग्रामपंचायतीचा कायदा लग्न झालेल्या बाईला एकाच वेळी तीन ठिकाणची धरतो. जातीच्या दाखल्यापुरती ती वडिलांची मुलगी. घरपट्टी, अतिक्रमण, शौचालय यांच्यापुरती ती ज्या घरात नांदते त्या घरची. आणि निवडून आल्यावर सहीपुरती ती एकटी. तिथे माहेरही नाही आणि सासरही नाही. अर्ज बाद होतात किंवा निवडून आल्यावर पद जातं, ते बऱ्याचदा या तिन्हींची सरमिसळ केल्यामुळे. घरात सगळं एकत्र चालतं म्हणून कागदावरही चालेल, असं माणसं गृहीत धरतात.

सुरुवात जातीपासून, कारण वेळ सगळ्यात जास्त इथेच जातो. आरक्षण नुसतं ‘सर्वसाधारण महिला’ असेल तर कुठल्याही जातीची बाई उभी राहू शकते, दाखल्याचा प्रश्नच नाही. ‘अनुसूचित जाती महिला’, ‘अनुसूचित जमाती महिला’ किंवा ‘नागरिकांचा मागास प्रवर्ग महिला’ असेल तर मात्र दाखला तिच्या जन्माच्या जातीचा लागतो. नवऱ्याची जात इथे उपयोगाची नाही. आंतरजातीय लग्न झालेल्या घरांत हे हमखास चुकतं. खुल्या प्रवर्गातली मुलगी मागास प्रवर्गातल्या घरात सून म्हणून आली म्हणून तिला त्या प्रवर्गाचं आरक्षण मिळत नाही. सर्वोच्च न्यायालयाने वलसम्मा पॉल प्रकरणात १९९६ मध्ये हे सांगितलं, आणि २०१८ मध्ये सुनीता सिंग प्रकरणात तेच पुन्हा. उलट बाजूने पाहिलं तर मागास प्रवर्गातली मुलगी खुल्या प्रवर्गातल्या घरात गेली तरी तिची जन्माची जात पुसली जात नाही. आता त्या घरात राहून ती मागासपणाचे चटके सोसते का, हा वाद विरोधक घालतात. पण दाखला देताना पाहिलं जातं ते तिच्या वडिलांकडचं वंशवृत्त.

म्हणून कागद गोळा करायला माहेरी जावं लागतं. वडिलांचा शाळा सोडल्याचा दाखला, आजोबांचा असला तर तो, नसला तर चुलत आजोबांचा. गावच्या जन्म-मृत्यू नोंदवहीची नक्कल, म्हणजे गाव नमुना १४ किंवा कोतवाल बुक. जुना सातबारा किंवा खासरा पत्रक. या कागदांवरच्या तारखांना फार महत्त्व आहे. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५०, जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ या मानीव तारखा आहेत. त्या तारखेच्या आधी कुटुंब महाराष्ट्रात राहत होतं आणि त्या जातीचं होतं, हे दाखवणारा कागद लागतो. अर्जही सासरच्या नव्हे, तर त्या वेळी वडील किंवा आजोबा जिथे राहत होते तिथल्या उपविभागीय अधिकाऱ्याकडे करायचा. सासर पंढरपूर आणि माहेर जत असेल तर खेप जतकडे. नवरा स्वतःच्या तालुक्यात ओळख काढून दाखला मिळवायला बघतो, त्यात पंधरा दिवस जातात आणि शेवटी अर्ज कार्यक्षेत्राबाहेरचा म्हणून परत येतो.

सीमेवरच्या गावांत आणखी एक अडचण. सोलापूर, कोल्हापूर, सांगली, लातूर, नांदेड या जिल्ह्यांत कर्नाटक-तेलंगणातल्या सुना पुष्कळ. जात तीच, देव तेच, सोयरीक पिढ्यान् पिढ्यांची. पण माहेर विजापूर किंवा बिदरकडचं असेल तर तिथला दाखला महाराष्ट्रातल्या राखीव जागेला चालत नाही. जातींच्या याद्या राज्यवार आहेत आणि स्थलांतर करून आलेल्याला दुसऱ्या राज्यात त्या जातीचं आरक्षण मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्येच ठरवलं आहे. लग्न होऊन येणंही यातून सुटत नाही. अशा सुनेला सर्वसाधारण महिलेच्या जागेवरूनच उभं राहता येतं. सोडतीनंतर महिनाभर तिच्या नावाची पत्रकं घरात पडून राहण्यापेक्षा हे पहिल्या दिवशी कळलेलं बरं.

कुणबी दाखल्याबद्दल हल्ली जास्त विचारतात: नवऱ्याची कुणबी नोंद सापडली, मग बायकोलाही लागू होईल ना? नाही. तिच्या वडिलांकडे नोंद सापडली तरच. जानेवारी २०२४ मध्ये ‘सगेसोयरे’ यांच्याबद्दल अधिसूचनेचा मसुदा निघाला, त्यावरून बऱ्याच जणांचा असा समज झाला की लग्नाचं नातंही पुरावा म्हणून चालेल. मसुद्यावर उमेदवारी ठरवू नका. छाननीच्या टेबलावर प्रमाणपत्र पाहिलं जातं, आणि ते पितृसत्ताक वंशावळीवर मिळतं. (बायकांसाठी राखलेल्या जागेची पात्रता बापाच्या वंशावळीतून जाते, हा विरोधाभास आहेच. त्यावर वाद घालायचा तर दुसरीकडे घालू, इथे अर्ज भरायचाय.)

दाखला हातात आला की लगेच व्हॅलिडिटी. जात पडताळणी समितीचं वैधता प्रमाणपत्र अर्ज भरताना नसेल तर प्रस्ताव दाखल केल्याचा पुरावा आणि ठरलेल्या मुदतीत प्रमाणपत्र देण्याचं हमीपत्र जोडायचं. मुदत निवडणूक आदेशात छापलेली असते. ती वाचा आणि कॅलेंडरवर गोल करा. त्या मुदतीत प्रमाणपत्र आलं नाही तर निवड पूर्वलक्षी प्रभावाने रद्द समजली जाते. समितीने उशीर केला हे कारण सहसा तारत नाही. काम हलकं करणारी एक गोष्ट मात्र आहे: तिच्या सख्ख्या भावाची, बहिणीची, वडिलांची किंवा चुलत्याची व्हॅलिडिटी आधी झालेली असेल तर तिची प्रत आणि वंशावळीचं शपथपत्र जोडा. रक्ताच्या नात्यातली वैधता हा सगळ्यात वजनदार पुरावा. म्हणजे निवडणूक सासरच्या गावात आणि कागद मेहुण्याच्या कपाटात. मेहुण्याशी जमीन-वाटणीवरून बोलणं बंद असेल तर प्रस्ताव तिथेच अडतो. बहिणीने हक्कसोडपत्रावर सही केली नाही म्हणून भाऊ शाळेचा दाखला देत नाही, असं सर्रास घडतं. उपाय आहे: वडिलांच्या शाळेत स्वतः अर्ज करून निर्गम उतारा मागायचा, आणि तहसीलच्या अभिलेख कक्षात नकलेसाठी अर्ज द्यायचा. वेळ लागतो, पण मेहुण्याच्या पाया पडावं लागत नाही.

आता नाव. जातीच्या दाखल्यावर, शाळेच्या दाखल्यावर माहेरचं नाव; आधार, मतदार यादी, रेशनकार्डावर सासरचं. दोन्ही नावांची बाई एकच आहे हे जोडणारा कागद लागतो: विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र किंवा राजपत्रातली नावबदलाची प्रसिद्धी. लग्नाची नोंदणी गावात ग्रामसेवकाकडेच होते (आता त्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचं, जिभेला वळण पडायला वेळ लागेल). नव्वद दिवस उलटून गेले असले तरी विलंबशुल्क भरून नोंदणी होते. लग्नपत्रिका आणि फोटो जपून ठेवले असतील तर इथे कामाला येतात. लग्नात मुलीचं पाळण्यातलं नावही बदललं असेल, म्हणजे सुरेखाची वैष्णवी झाली असेल, तर नुसत्या विवाह प्रमाणपत्रावर अवलंबून राहू नका, राजपत्र करून घ्या. उमेदवाराचा जन्म १ जानेवारी १९९५ ला किंवा नंतरचा असेल तर सातवी पास असल्याचा पुरावाही द्यावा लागतो, आणि तो माहेरच्याच नावाचा असणार.

मतदार यादीचं सोपं वाटतं, पण नव्या सुनेच्या बाबतीत तसं नसतं. उमेदवाराचं वय एकवीस पूर्ण आणि नाव त्या गावच्या यादीत हवं. लग्नानंतर नाव माहेरहून सासरी आणायला नमुना ८ भरायचा. ऑगस्ट २०२२ पासून स्थलांतरासाठी हाच अर्ज आहे. पुष्कळ ठिकाणी घाईत नमुना ६ भरला जातो, म्हणजे ‘नवीन मतदार’. त्यात माझं नाव कुठल्याही यादीत नाही असं लिहून द्यावं लागतं, आणि माहेरच्या यादीत तर नाव असतंच. हे खोटं निवेदन ठरतं, लोकप्रतिनिधित्व कायदा १९५० च्या कलम ३१ खाली गुन्हा आहे. विरोधी पॅनेलचा एखादा हुशार कार्यकर्ता दोन्ही याद्यांच्या प्रती घेऊन छाननीला येतो. शिवाय ग्रामपंचायतीची यादी ही विधानसभेच्या यादीवरून, राज्य निवडणूक आयोगाने ठरवलेल्या एका तारखेची घेतात. त्या तारखेनंतर नाव आलं तर ते या निवडणुकीला उपयोगाचं नाही. सोडत निघाल्यावर पहिलं काम हेच, जातीच्या दाखल्याच्याही आधी.

इथपर्यंत माहेर झालं. आता सासरच्या घराकडे वळू, कारण पुढच्या तीन गोष्टींत बाईचा स्वतःचा काही हात नसतानाही तिचं पद जाऊ शकतं.

पहिली घरपट्टी आणि पाणीपट्टी. मागणीचं बिल दिल्यापासून तीन महिन्यांत कर भरला नाही तर ग्रामपंचायत कायद्याच्या कलम १४ प्रमाणे अपात्रता येते, हे बऱ्याच जणांना माहीत असतं. माहीत नसतं ते त्या कलमाचं स्पष्टीकरण: एकत्र कुटुंबातल्या एकाने कर थकवला तर कुटुंबातले सगळे अपात्र धरले जातात. घर सासऱ्यांच्या नावावर, चुलत दीर वेगळा राहतो पण उतारा अजून एकत्र, पट्टी कोणी भरायची यावरून पाच वर्षं वाद आणि उमेदवार म्हणजे धाकटी सून. थकबाकी तिच्या नावावर नाही हे खरं, पण हरकत तिच्यावर येते. म्हणून ग्रामपंचायतीच्या नमुना ८ च्या, म्हणजे घरपट्टी आकारणीच्या उताऱ्यावर (मतदार यादीचा नमुना ८ वेगळा) कुटुंबाची जेवढी घरं, गोठे, मोकळ्या जागा दिसतात, त्या सगळ्यांची थकबाकी भरून पावत्या घ्या आणि ‘बाकी नाही’ असा दाखला अर्जाला जोडा. चुलत दिराची बाकीही आपणच भरा. हिशेब निकालानंतर करा. जिथे खरोखरच वाटण्या झाल्यात तिथे वाटणीपत्र आणि वेगळं रेशनकार्ड हाताशी ठेवा.

दुसरी गोष्ट अतिक्रमण, आणि सर्वांत जास्त पदं यातच अडकलेली दिसतील. शासकीय जमिनीवर किंवा सार्वजनिक जागेवर अतिक्रमण केलेली व्यक्ती सदस्य राहू शकत नाही. ‘केलेली’ म्हणजे कोणी? २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असा अर्थ लावला होता की ज्याने मुळात अतिक्रमण केलं तोच अपात्र. तेव्हा सुनांना दिलासा होता: घर सासऱ्यांनी बांधलं, आम्ही नंतर आलो. २०१८ मध्ये जनाबाई प्रकरणात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने तो अर्थ मोडून काढला. कुटुंबाने केलेल्या अतिक्रमणाचा वापर जी व्यक्ती पुढे चालू ठेवते, तीही अपात्र. म्हणजे लग्न करून त्या घरात राहायला आलेली सूनसुद्धा. पण ही रेघ सरळ नाही. जळगाव जिल्ह्यातल्या विचखेड्याच्या सरपंचांना, सासूसोबत सरकारी जागेवरच्या घरात राहतात म्हणून पदावरून काढलं होतं. आपण नवरा-मुलांसह वेगळ्या भाड्याच्या घरात राहतो, असं त्यांचं म्हणणं होतं. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये त्यांना पद परत दिलं आणि निवडून आलेल्या बाईला इतक्या सहजपणे काढून टाकण्याच्या वृत्तीवर ताशेरे ओढले.

व्यवहारात यातून काय घ्यायचं? घराच्या चारी सीमा पाहा. गावठाणातलं घर असेल तर नगर भूमापनाची मोजणी झाली आहे का, नसेल तर नमुना ८ वर चौरस फूट किती आणि प्रत्यक्षात किती. बरीच प्रकरणं अख्ख्या घराची नसतात. रस्त्यावर आलेला ओटा, गटारावर टाकलेली फरशी, समोर काढलेला पत्र्याचा शेड, गायरानातला उकिरडा आणि कडबा रचायची जागा, एवढ्यावरूनही तक्रार होते. ओटा अर्जाच्या आधी तोडा आणि तोडल्याचा फोटो तारखेसह ठेवा. वेगळं राहत असाल तर भाडेकरार, वीजबिल, गॅसचं पुस्तक, मुलांच्या शाळेतला पत्ता, मतदार यादीतला घर क्रमांक हे सगळं एकाच पत्त्याचं हवं. निवडणुकीच्या आठवड्यात केलेला भाडेकरार कोणीही ओळखतो.

तिसरी शौचालयाची. घरात शौचालय आहे आणि वापरात आहे याचा दाखला द्यावा लागतो. एकत्र घरात एकच असेल तरी चालतं, पण ते शौचालय आज गोवऱ्यांनी भरलेलं नसावं.

अपत्यांचा नियम सगळ्यांना तोंडपाठ आहे आणि तरी चुकतो. दोनपेक्षा जास्त अपत्यं असली तर अपात्र. १२ सप्टेंबर २००१ पर्यंत जन्मलेल्यांना यात सूट आहे. एका मुलानंतर दुसऱ्या खेपेला जुळी झाली तर ती एकच धरली जातात. तिसरं मूल नणंदेला दत्तक दिलं तरी मोजलं जातं. ओडिशातल्या एका प्रकरणात २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केलं. घरातल्या घरात ‘देऊन टाकलं’ असं म्हणून तर काहीच होत नाही. दुसरेपणावर आलेल्या बाईचं काय? तिची स्वतःची दोन, नवऱ्याची पहिल्या बायकोपासूनची दोन. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२३ मध्ये सांगितलं की सावत्र मुलं तिच्या खात्यात धरायची नाहीत. नवरा स्वतः उभा राहिला असता तर मात्र चारही त्याचीच. माझं मत विचाराल तर या नियमाचा भार बाईवर दुप्पट पडतो, कारण तिसरं मूल हवं की नको हे ठरवताना तिला कितीदा विचारलं जातं, ते आपण सगळे जाणतो. पण नियम आहे तो असा आहे.

अर्ज आयोगाच्या संकेतस्थळावर भरायचा, छापील प्रत काढून सही करून निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे द्यायची. त्यातल्या घोषणापत्रात स्वतःची, पतीची आणि अवलंबून असलेल्यांची मालमत्ता व देणी लिहावी लागतात. गुन्ह्यांचा रकाना फक्त उमेदवाराचा, नवऱ्यावरच्या केसेस तिथे लिहायच्या नाहीत; मालमत्तेचा रकाना मात्र दोघांचा. इथे दोन नेहमीच्या चुका होतात. सासऱ्यांच्या नावची अख्खी जमीन नवऱ्याच्या नावे दाखवली जाते. सातबाऱ्यावर त्याचं नाव जेवढ्यावर आहे तेवढंच लिहा. दागिन्यांपुढे ‘निरंक’ लिहितात आणि प्रचारात गळ्यात गंठण असतं. तोळ्यांत वजन आणि अंदाजे किंमत लिहून मोकळं व्हा. स्त्रीधन लपवण्यासारखं काही नसतं. रकाना रिकामा मात्र ठेवू नये. लागू नसेल तर ‘लागू नाही’, काही नसेल तर ‘निरंक’. नवऱ्यापासून वेगळी राहणारी पण घटस्फोट न झालेली उमेदवार असेल तर कायद्याने ती विवाहितच. पतीचा रकाना वगळू नये. माहिती मिळत नसेल तर ‘माहीत नाही’ असं लिहावं. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कोरे रकाने ग्राह्य धरू नयेत असं म्हटलं, तेव्हाही हाच मार्ग सांगितला होता.

नवरा शिक्षक, तलाठी, एसटीत किंवा पोलिसांत असेल तर? बायकोला उभं राहायला बंदी नाही. बंदी त्याला आहे: शासकीय सेवकांच्या वर्तणूक नियमांप्रमाणे प्रचार, पत्रक वाटणं, मतदान केंद्राबाहेर टेबल मांडून बसणं, बायकोच्या फोटोचं स्टेटस ठेवणं, सगळं टाळायचं. त्याने मत द्यावं आणि घरी मुलं सांभाळावीत. हे ऐकून काही जणांचा चेहरा पडतो.

भावकीतल्या दोन जावा समोरासमोर येणं हा प्रकार ग्रामपंचायतीत नवा नाही. ग्रामपंचायतीला पक्षाचं चिन्ह नसतं, लढत पॅनेलची असते, आणि पॅनेलं बहुतेक वेळा एकाच आडनावाच्या दोन वाड्यांत विभागलेली असतात. त्यावर सल्ला देण्यासारखं फार नाही. माघारीच्या दिवशी दुपारी तीनपर्यंत सगळं मिटू शकतं, तीननंतर नाही.

निवडून आल्यानंतरचं ‘बाकीचं’ म्हणजे सही. पूर्वी कोऱ्या चेकवर आणि कोऱ्या प्रोसिडिंगवर (सभेच्या इतिवृत्तावर) सह्या घेऊन ठेवायचे. आता वित्त आयोगाच्या निधीचं पेमेंट ऑनलाइन जातं: ग्रामपंचायत अधिकारी व्हाउचर तयार करतो आणि सरपंचाच्या डिजिटल सहीने ते मंजूर होतं. ती सही एका छोट्या यूएसबी डोंगलमध्ये असते, आणि तो डोंगल कुठे असतो हे पाहिलं की गावचा कारभार कोण करतो ते कळतं. नवऱ्याच्या खिशात, किंवा सोयीचं म्हणून ऑपरेटरच्या ड्रॉवरमध्ये, पिन डोंगलला चिकटवलेल्या कागदावर लिहिलेला. डिजिटल सही काढताना मोबाइल नंबर नवऱ्याचा दिला असेल तर ओटीपीही तिकडेच. पुढे लेखापरीक्षणात झालं नाही ते काम झालेलं दिसलं आणि रक्कम वसुलीला निघाली, की नोटीस ज्या नावावर सही आहे त्या नावावर येते. ‘सगळं यांनीच केलं’ हे तिचं म्हणणं खरं असलं तरी ते बचाव ठरत नाही. उलट आपलं काम दुसऱ्याला करू दिलं, ही कर्तव्यातली कसूर म्हणून कलम ३९ खाली पदावरून काढण्याला कारण मिळतं. म्हणून: नंबर तिचा, पिन तिला पाठ, डोंगल तिच्या कपाटात, आणि मंजूर करण्यापूर्वी व्हाउचर, मोजमाप पुस्तिका आणि कामाचा फोटो या तीन गोष्टी समोर. पहिले दोन महिने एका पेमेंटला अर्धा तास लागेल. लागू दे.

‘सरपंचपती’ या प्रकारावर केंद्राच्या पंचायती राज मंत्रालयाने नेमलेल्या समितीचा अहवाल फेब्रुवारी २०२५ मध्ये आला, त्यात बाईच्या आडून कारभार करणाऱ्यांना जबर दंडाची शिफारस आहे. शिफारशीची वाट न पाहता नवऱ्याने एक करावं: मासिक सभा चालू असताना त्या खोलीत बसू नये. गाडीवर सोडावं, चहा प्यावा, सभा संपली की न्यायला यावं. तसंच नवऱ्याचं खडी-सिमेंटचं दुकान किंवा जेसीबी असेल तर पाच वर्षं पंचायतीच्या कामापासून तो लांब ठेवा. पंचायतीच्या कामात प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष हितसंबंध असला की सदस्यत्व जातं. बिल मेहुण्याच्या फर्मच्या नावाने काढलं म्हणून हितसंबंध लपत नाही.

मानधनाचं विचारतात. सप्टेंबर २०२४ च्या निर्णयानंतर दोन हजारांपर्यंत लोकसंख्येच्या गावात सरपंचाला महिना ६ हजार, आठ हजारांपर्यंत ८ हजार, त्यावर १० हजार. ते सरपंचाच्या खात्यावर येतं. खातं तिच्या एकटीच्या नावाचं उघडा.

एक मुद्दा कोणीच विचारत नाही, तो बाळंतपणाचा. सदस्य सलग चार महिन्यांपेक्षा जास्त काळ गावाबाहेर राहिली, किंवा सहा महिने सभांना आली नाही, तर कलम ४० प्रमाणे पद रिकामं होतं. पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत. सातव्या महिन्यात गेलेली मुलगी बाळ तीन महिन्यांचं झाल्यावर परतते. सहा महिने सहज होतात. याला तोड आहे: पंचायतीकडे लेखी रजेचा अर्ज द्यायचा आणि सभेत रजा मंजूर झाल्याचा ठराव प्रोसिडिंगला लिहून घ्यायचा. अशी रजा सहा महिन्यांपर्यंत मिळते. जाण्याच्या आधी ठरावाची प्रत घ्या, मागाहून तारीख टाकलेला ठराव चालत नाही. अविवाहित मुलगी निवडून आली आणि मुदतीत तिचं लग्न परगावी ठरलं, तर हेच कलम तिलाही लागतं. बैठकीत मानपानाबरोबर हेही बोलून घ्यावं.

आणि हरलात तरी खर्चाचा हिशेब निकालापासून तीस दिवसांत द्यायचाच. वेगळं बँक खातं उघडलेलं असतं, पावत्या मात्र नवऱ्याच्या आणि पोरांच्या खिशात विखुरलेल्या असतात: मंडप, रिक्षाचं भाडं, पत्रकं, चहा-नाश्ता. रोजच्या रोज त्या एका वहीत चिकटवा. हिशेब दिला नाही तर पाच वर्षांपर्यंत निवडणूक लढवायला बंदी येऊ शकते, आणि ती बंदी तिच्या नावावर येते.